विष्णुपंतांच्या तीन शेगड्या

दूध उतू गेलं, गॅस विझला, आणि ओट्यापासून चार हातांवर स्टुलावर बसलेले विष्णुपंत पेपरातलं शब्दकोडं सोडवत राहिले. सू सू असा आवाज त्यांना येत होता, पण तो शेजारच्या कुकरचा असेल असं समजून त्यांनी सोडून दिला. शेजारच्या बनूबाईंना मात्र जिन्यातच वास आला. त्यांनी दार बडवलं, नाकाला पदर लावून आत घुसल्या, बटण फिरवलं, रेग्युलेटर बंद केला, खिडक्या सताड उघडल्या आणि मग कमरेवर हात ठेवून विष्णुपंतांकडे वळल्या.

"अवो पंत, बिल्डिंग उडाली असती ना आपली! एवढा वास सुटलाय नि तुम्ही पेपर वाचताय?"

"मी जरा विचारात होतो."

"कसल्या विचारात?"

"आडवं सहा," विष्णुपंत म्हणाले. "चार अक्षरी आहे."

बनूबाईंनी कपाळावर हात मारला आणि तशाच खाली उतरून एसटीडी बूथवर गेल्या. संध्याकाळपर्यंत पुण्याला अंजनाला, म्हणजे विष्णुपंतांच्या एकुलत्या एका लेकीला, आणि इकडे बदलापूरच्या खरवईतल्या अख्ख्या सोसायटीला बातमी कळली होती. बायको, उमाबाई, गेल्यापासून पंतांचं डोकं ठिकाणावर नाही, असं सगळ्यांनी एकमतानं ठरवलं. विष्णुपंतांच्या ते कानावर आलं आणि त्यांना बरं वाटलं. माणसाला आपल्या डोक्याविषयी असं काही ऐकून बरं वाटावं, यामागे तसंच कारण होतं. विष्णुपंतांना वास येत नव्हता, आणि ते कोणाला कळण्यापेक्षा वेडं ठरलेलं त्यांना परवडत होतं.

विष्णुपंत आनंदनगरच्या एमआयडीसीत एका अगरबत्तीच्या कारखान्यात सुगंध विभागाचे सुपरवायझर होते. माल बाहेर पडण्याआधी त्यांनी काडी नाकाशी धरायची, डोळे मिटायचे आणि मान हलवायची, हीच त्यांची नोकरी. निवृत्तीला काही वर्षं उरलेली असताना एका हिवाळ्यात त्यांना जबरदस्त सर्दी झाली. सर्दी गेली, पण जाताना वास बरोबर घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. तो काही आला नाही. विष्णुपंत घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसले, तेव्हा उमाबाई पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "मग त्यात रडण्यासारखं काय आहे? काड्या घरी आणा."

तेव्हापासून डब्याच्या वरच्या पुडात, जिथे सकाळी लोणचं जायचं, तिथे संध्याकाळी काड्या यायच्या. उमाबाई कणकेचा हात पुसून त्या नाकाशी धरत. "गुलाब उग्र झालाय. मोगरा बरा आहे, पण गेल्या खेपेपेक्षा पातळ. आणि ह्या चंदनाला चंदन कोणी म्हटलं हो?" दुसऱ्या दिवशी कारखान्यात विष्णुपंत हेच शब्द गंभीर आवाजात म्हणत. निरोप समारंभात मॅनेजरांनी त्यांच्या नाकाविषयी इतकं भाषण केलं, की पहिल्या रांगेत बसलेल्या उमाबाईंना तोंडात पदर कोंबावा लागला. लोकांना वाटलं, बाईंना भरून आलं.

सोसायटीतही हेच चालायचं. कोणी लोणी कढवलं, कोणी बाजारातून तूप आणलं, की वाटी घेऊन विष्णुपंतांकडे. ते वास घेत आणि गप्प बसत. उमाबाई मागून वाटीत डोकावून जात. "चहा टाकू का?" असं त्या म्हणाल्या की तूप शुद्ध, आणि "पाणी देऊ का?" म्हणाल्या की भेसळ. त्या गेल्यानंतरही लोक वाट्या घेऊन येतच राहिले, आणि विष्णुपंत सगळ्यांचंच तूप शुद्ध असल्याचं सांगत राहिले. प्रत्येक वाटीनंतर त्यांचं लक्ष उगाच स्वयंपाकघराच्या दाराकडे जायचं. तिथून कोणी चहाचं विचारत नसे.

गॅसच्या प्रकारानंतर अंजना पहिल्या गाडीनं आली. तिनं गॅसकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि निकाल दिला.

"बाबा, बस झालं. हे घर बंद करायचं आणि तुम्ही माझ्याकडे पुण्याला यायचं."

"इथे काय वाईट आहे?"

"इथे काय चांगलं आहे? एकटे बसता. कोण आहे इथे तुमचं?"

यावर विष्णुपंतांकडे उत्तर होतं, पण ते लेकीला सांगण्यासारखं नव्हतं. ते नुसतं "मी नाही येणार" म्हणाले, आणि लहान मुलानं म्हणावं तसं पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. शेवटी तडजोड झाली. गॅस बंद. अंजनानं उल्हासनगरहून विजेची कॉइलची शेगडी आणली आणि बजावून सांगितलं, "यावर करा काय ते. गॅसला हात लावायचा नाही."

गॅस कसा, मनमोकळा होता. पेटला की दिसतो, वाढवला की वाढतो, बंद केला की जागच्या जागी गप्प. कॉइलची शेगडी तशी नव्हती. बटण दाबून माणूस कंटाळून निघून जाईपर्यंत ती थंड, आणि एकदा लाल झाली की बंद केल्यावरही रागानं फुललेली. पहिल्या दिवशी विष्णुपंतांचा चहा अर्ध्या तासानं झाला आणि मग बंद शेगडीवर पुन्हा उकळून आटला. दुसऱ्या दिवशी ॲल्युमिनियमच्या पातेल्यात ढवळताना त्यांना विजेचा असा झटका बसला, की चमचा थेट माळ्यावर गेला. आणि रविवारी, क्रिकेटची मॅच ऐन रंगात असताना, दूध उतू जाऊन कॉइलवर सांडलं. फट् असा आवाज झाला आणि सगळ्या बिल्डिंगचे टीव्ही एका क्षणात बंद पडले.

"पंत, शेवटची ओव्हर चालू होती हो!" खालून कोणीतरी इतक्या कळवळून ओरडलं, की विष्णुपंतांना त्याच्या घरी जाऊन सांत्वन करावंसं वाटलं.

अशा वेळी जावईबापू मदतीला धावले. मधुकरराव कंपनीतर्फे ट्रेनिंगला जपानला गेले होते आणि येताना काचेची एक चपटी शेगडी घेऊन आले होते. इंडक्शन असं तिचं नाव. ज्वाळा नाही, कॉइल नाही, वरून हात फिरवला तर थंडगार, आणि भांडं तेवढं तापतं. दूध उतू गेलं तर ती आपोआप बंदही पडते. "बाबा, ही तुम्हाला जाळणार नाही, की सोसायटीला अंधारात ठेवणार नाही," असं मधुकररावांनी फोनवर सांगितलं. फक्त ती जपानच्या कमी दाबाच्या विजेवर चालत होती. त्यासाठी उल्हासनगरच्या एका सिंधी कारखानदारानं ट्रान्सफॉर्मर बनवून दिला. तो धुण्याच्या दगडाएवढा होता आणि चालू केला की भजनात पेटीचा सूर धरून ठेवावा तसा गुणगुणायचा. रिक्षावाल्यानं तो उचलताना विष्णुपंतांकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती ते बरेच दिवस विसरले नाहीत.

शेगडी ओट्यावर विराजमान झाली. विष्णुपंतांनी तिच्यावर उमाबाईंचं आमटीचं पितळी पातेलं ठेवलं. शेगडी पीं पीं करून ओरडली. त्यांनी ॲल्युमिनियमचा कुकर ठेवला. पीं पीं. तांब्याचं तपेलं, पीं पीं. स्टीलची पातेली, एकामागून एक, सगळी लग्नात आलेली, तळाशी उमाबाईंचं नाव कोरलेली. प्रत्येकाला तिनं तेवढ्याच कोरड्या आवाजात नाही म्हटलं. पोळ्यांचा लोखंडी तवा तेवढा तिला चालला. ओट्यावर नाकारलेल्या भांड्यांचा ढीग पडला होता. त्याच्याकडे बघता बघता विष्णुपंतांना एकदम भरून आलं. ज्या भांड्यांनी इतकी वर्षं त्यांना जेवू घातलं, त्यांना ही चार दिवसांची परदेशी पाहुणी ओळखही दाखवत नव्हती. त्यांनी एकेक भांडं पुसलं आणि परत फळीवर लावलं.

"बाबा, ज्याला लोहचुंबक चिकटतं तेच भांडं चालतं," मधुकररावांनी फोनवर खुलासा केला. "चुंबक घेऊन बाजारात जा."

विष्णुपंतांनी शोकेसच्या दाराचं चुंबक उपसलं आणि उल्हासनगरात भांड्यांच्या दुकानात गेले. दुकानदार सिंधी होता, तोंडानं गोड होता. गिऱ्हाइकानं खिशातून चुंबक काढलेलं पाहून तो आणखी गोड झाला, कारण चुंबकानं स्टील तपासणारं गिऱ्हाईक म्हणजे जाणकार.

"आओ काका, बिनधास चेक करा. अपना माल एक नंबर. चुंबक चिपकेल तर दुकान तुमच्या नावावर!"

विष्णुपंतांनी पातेल्याला चुंबक लावलं. ते घसरून खाली पडलं.

"देखा?" दुकानदार म्हणाला.

"हे नको," विष्णुपंत म्हणाले. "चिकटणारं दाखवा."

"काका, चिपकनेवाला तो हलका माल! त्याला गंज येतो."

"मला तोच हवाय."

दुकानदारानं त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग आवाज खाली आणून विचारलं, "कोणाला देण्यासाठी पाहिजे? सासरवाडीला?"

शेवटी पोऱ्याला पाठवून मागच्या गोदामातून, कोणी तरी परत केलेली म्हणून बाजूला टाकलेली दोन पातेली निघाली. चुंबक त्यांना टाळी वाजवल्यासारखं चिकटलं. विष्णुपंतांचा चेहरा खुलला. इतका खराब माल बघून इतकं खूश होणारं गिऱ्हाईक त्या दुकानदारानं जन्मात पाहिलं नसावं. त्यानं पातेली बांधून दिली आणि वर एक झाकण फुकट दिलं, बहुधा दया येऊन.

अंजनाला फोन गेला तेव्हा तिनं अट घातली. "रविवारी आम्ही दोघं येतो. त्या शेगडीवर तुम्ही एकट्यानं आमटी-भात करून वाढायचा. जमलं तर राहा इथे, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं, तर त्याच संध्याकाळी पुण्याला."

विष्णुपंतांनी आठवडाभर तालीम केली. ट्रान्सफॉर्मर आणि फ्रिज एका वेळी चालवले तर फ्यूज उडतो, हे त्यांना दोनदा फ्यूज उडाल्यावर कळलं. तेव्हापासून शेगडी लावण्याआधी ते फ्रिजचा प्लग काढत. उमाबाई आमटी कशी करत, ते आठवून आठवून ते करत होते. हिंग घातला की त्या किंचित मान मागे घेत, मेथी तांबूस झाली की नाक उडवत. विष्णुपंतांना दिसणारं तेवढंच आठवत होतं. बाकीचं त्या नाकानं करत.

शनिवारी दुपारी बनूबाई सांगत आल्या, "उद्या लाइट जाणार म्हणत्यात दिवसभर. डीपीचं काम हाय."

लाइट नाही म्हणजे शेगडी नाही, आणि शेगडी नाही म्हणजे पुणे. विष्णुपंतांनी हुशारी केली. फ्रिजचा प्लग काढला, शनिवारी संध्याकाळीच चिंचगुळाची आमटी करून ठेवली आणि पातेलं फ्रिजमध्ये ठेवून दिलं. या सगळ्या हुशारीत फ्रिजचा प्लग परत लावायचा राहिला. मे महिना होता. बदलापूरच्या मे महिन्यात बंद फ्रिजमध्ये रात्रभर राहिलेल्या आमटीचं काय होतं, हे सांगायला सुगंध विभागाचा सुपरवायझर लागत नाही.

रविवारी लाइट गेलीच नाही. विष्णुपंतांनी भात ताजा लावला आणि आमटी गरम केली. तिच्यावर भरघोस फेस आला, तो त्यांना चांगल्या उकळीचा वाटला. चव पाहिली तर आंबट लागली. चिंच जास्त पडली असं म्हणून त्यांनी आणखी गुळाचा खडा टाकला.

अंजना आणि मधुकरराव पाटावर बसले. विष्णुपंतांनी स्वतः वाढलं. भाताची मूद, वर वरण नाही, थेट आमटी. मधुकररावांनी पहिला घास तोंडात घातला आणि त्यांचे जबडे थांबले. काही तरी बोलायला त्यांनी मान वर केली, तोच अंजनानं ताटाआडून त्यांच्या पायाला असा चिमटा काढला, की घास आपोआप गिळला गेला.

"वा," मधुकरराव डोळ्यांत पाणी आणून म्हणाले.

"खरंच जमलंय?" विष्णुपंतांनी विचारलं.

"हो," अंजना म्हणाली आणि ताटाकडे बघत खात राहिली. "छान झालीय आमटी. वाढा अजून."

विष्णुपंतांनी पळी भरली. त्यांना इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. तेवढ्यात कैरीच्या लोणच्याची वाटी घेऊन बनूबाई दारात आल्या आणि उंबऱ्यावरच थबकल्या.

"अगं बाई, कोनाची आमटी आंबली? पार जिन्यापात्तुर वास आलाय!"

ट्रान्सफॉर्मर तेवढा गुणगुणत होता. विष्णुपंतांनी पळी खाली ठेवली आणि लेकीकडे पाहिलं.

"तुला कळलं नाही?"

"कळलं, बाबा."

"मग खाल्लीस कशाला?"

अंजनाचे डोळे भरून आले. "आईनं सांगितलं होतं. दवाखान्यात, शेवटी. म्हणाली, त्यांना वास येत नाही. त्यांना वाटतं ते फक्त मला माहीत आहे, ते तसंच राहू दे. म्हणून मी गॅस बंद केला. तुम्ही विसरता म्हणून नाही."

"म्हंजे तुला बी म्हायती हाय?" बनूबाईंनी सुटकेचा श्वास टाकला. "मला वाटलं आमालाच. अवो पंत, गेल्या म्हयन्यात मी नुस्ता डालडा आनलावता. तुम्ही म्हनालात, शुद्ध गाईचं! पार बिल्डिंगला ठावं हाय."

"मग वाट्या घेऊन येता कशाला?"

बनूबाई जरा घुटमळल्या. "तेवढंच तुमच्याशी कोनीतरी बोलतंय," त्या म्हणाल्या, लोणच्याची वाटी ठेवली आणि निघून गेल्या.

विष्णुपंत स्टुलावर बसले. आपण इतकी वर्षं लोकांना फसवतोय असं त्यांना वाटत होतं, आणि लोक त्यांना फसवू देत होते. पण त्याची लाज त्यांना फारशी वाटली नाही. वाईट याचं वाटलं, की ही एकच गोष्ट आपली आणि उमाची दोघांचीच होती, आणि तीही आता दोघांची राहिली नाही. ते हरले होते. अट अट होती, त्यांनी हुज्जत घातली नाही.

"माझे कपडे कपाटात आहेत," ते म्हणाले. "भर बॅग."

अंजना आतल्या खोलीत गेली. विष्णुपंत तिच्या मागोमाग जाऊन दारात उभे राहिले. तिनं कपाट उघडलं आणि एक पाऊल मागे सरली. खालच्या खणात विष्णुपंतांचे सदरे होते, आणि वरच्या खणात उमाबाईंच्या साड्या, जशा त्या ठेवून गेल्या तशाच. साड्यांना कसर लागू नये म्हणून विष्णुपंतांनी मध्ये मध्ये डांबराच्या गोळ्या टाकल्या होत्या. किती टाकायच्या याचा अंदाज नाकानं येतो, त्यामुळे त्यांनी मुठी भरभरून टाकल्या होत्या. प्रत्येक घडीतून दोन-चार गोळ्या डोकावत होत्या. अंजनाला सटासट तीन शिंका आल्या, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"अंजू," विष्णुपंत दारातूनच म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "ती गेल्यापासून मी कोणाला विचारू शकलो नाही. मला कळत नाही ना, म्हणून विचारतो. तिचा वास येतो का गं अजून, या घरात?"

अंजनानं वरची नऊवारी ओढून घेतली, त्यात तोंड खुपसलं आणि खोल श्वास घेतला. तिला खोकला आला, तो तिनं साडीतच दाबला.

"येतो," ती म्हणाली. "खूप येतो, बाबा."

विष्णुपंतांनी मान हलवली. त्यांनी तिला बॅग भरू नकोस असं म्हटलं नाही. अंजनानंच साडीची घडी केली, ती जागेवर ठेवली आणि सदऱ्यांना हात न लावता कपाट लावून टाकलं. मग बाहेर येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं, की बाबा इथेच राहतील, आणि फ्रिजला वेगळी लाइन ओढून देणारा माणूस आजच्या आज शोधा.